प्रेम, बाप्तिस्मा आणि तीस दिवसांची नोटीस

दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली मुलगी आणि शिरूर तालुक्यातल्या बागायतदाराचा मुलगा, असं एक जोडपं धरून चालू. ती दर रविवारी मिस्साला जाते, त्याच्या घरी चंपाषष्ठीला तळी उचलतात. ओळख पुण्यात नोकरीच्या ठिकाणी झाली आणि गोष्ट लग्नापर्यंत आली. घरी सांगितल्यावर पहिला प्रश्न कोणता येतो, हे या भागात कोणालाही विचारा. मुलगा करतो काय, मुलगी शिकली किती, हे सगळं मागाहून. आधी विचारतात, "मग धर्म कोणाचा?"

दोघांपैकी एकाला आपलं सोडून यावंच लागणार, हे या प्रश्नात धरूनच चाललेलं असतं. कायद्यात तशी अट नाही. पवित्र शास्त्रातही नाही. आणि प्रेमापायी काय काय केलं जातं याची मराठी ख्रिस्ती इतिहासातली जी दोन ठळक उदाहरणं आहेत, त्यातलं एक दौंड तालुक्यातल्या केडगावशी बांधलेलं आहे, दुसरं शिरूरच्या पलीकडे नगर-राहुरीला घडलं. दोन्ही नीट पाहिली तर धर्म बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्टी त्या माणसांनी केल्या, असं माझं मत झालं आहे.

घोडनदीचा सत्पुरुष आणि दौंडचं जंक्शन

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. पेशवाईच्या अखेरच्या काळात इथे इंग्रजांची छावणी होती. तिथला कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये वारला आणि घोडनदीलाच पुरला गेला. पुढे आसपासचे शेतकरी त्याच्या थडग्याला 'सत्पुरुष' म्हणू लागले आणि सुगीला पहिल्या धान्याचा नैवेद्य तिथे दाखवू लागले. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरात ही नोंद आहे. मेलेला साहेब ख्रिस्तीच राहिला, नैवेद्य आणणारे हिंदूच राहिले, आणि कोणाला त्यात काही अडचण वाटली नाही.

जिवंत ख्रिस्ती घरं इथे आली ती दोन वाटांनी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईला उतरले, १८३१ मध्ये नगरला त्यांनी ठाणं केलं आणि १८४० च्या दशकात शिरूर हे त्यांच्या कामाचं एक केंद्र झालं. या मिशनमधून ख्रिस्ती झालेली बहुतेक कुटुंबं गावकुसाबाहेरची, महार-मांग समाजातली. त्यांची आजची मंडळी बहुतांशी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात मोडते. वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन हे चर्च १९७० मध्ये नागपूरला झालं. दुसरी वाट रेल्वेची. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला, दौंड जंक्शन झालं आणि नोकरीच्या मागोमाग गोव्याकडची, दक्षिणेकडची आणि अँग्लो-इंडियन कुटुंबं आली. त्यांच्यात कॅथलिक बरेच. म्हणून 'ख्रिस्ती' या एका शब्दाखाली या दोन तालुक्यांत निदान दोन वेगळे समाज आहेत. त्यांची चर्चं निराळी, गाणी निराळी, आणि लग्नाचे नियमही निराळे. आमच्या कल्पनेतली मुलगी यातल्या कोणत्या घरची, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

तिसरी वाट केडगावची, आणि तिथे थोडं थांबावं लागेल.

'आम्हाला कुठलाच धर्म नाही'

पुण्याहून दौंडकडे जाताना यवतनंतर, पाटसच्या अलीकडे केडगाव स्टेशन लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलं. रमाबाई म्हटलं की ख्रिस्ती झालेली विदुषी एवढंच बहुतेकांना आठवतं. त्यांच्या लग्नाची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. जन्म १८५८ चा. आईबाप आणि बहीण दुष्काळात गेली, भाऊ श्रीनिवास आणि ती पुराणं सांगत देशभर पायी हिंडली. कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'सरस्वती' पदवी दिली. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी तिने भावाच्या ओळखीतल्या बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं. ती कोकणस्थ ब्राह्मण, तो त्या काळच्या हिशेबाने शूद्र. ती मराठी, तो बंगाली. मागे उभं राहायला कोणी नातेवाईक नाही.

आता प्रश्न असा, की हे लग्न लागलं कोणत्या विधीने? हिंदू विधीने ते लागणं शक्य नव्हतं, भटजी कोण मिळणार! पण १८७२ चा तिसरा कायदा नुकताच झाला होता. केशवचंद्र सेनांच्या ब्राह्मो मंडळींनी लावून धरलेला हा नोंदणी विवाहाचा कायदा. त्यात एक विचित्र अट होती. आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असं वधूवरांनी लिहून द्यायचं. म्हणजे सरकार लग्न लावून देणार, पण धर्माचा राजीनामा आधी टेबलावर ठेवा. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मकथनात लिहिलं आहे की दोघांचाही कोणत्या धर्मावर विश्वास उरला नव्हता, त्यामुळे या अटीची अडचण आली नाही. बांकीपूरला लग्न लागलं आणि दोघं आसामच्या बाजूला सिलचरला राहायला गेली.

नवऱ्याला नको असलेला बाप्तिस्मा

सिलचरच्या घरात एक दिवस रमाबाईंच्या हाती एक छोटं पुस्तक लागलं, बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान. नवऱ्याच्याच पुस्तकांत पडलेलं. मग ॲलन नावाचे एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊ लागले, उत्पत्तीच्या पुस्तकातली सृष्टीची कथा त्यांनी समजावून सांगितली, आणि रमाबाई ओढल्या जाऊ लागल्या. बिपिनबाबू स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले. तरी बायकोने उघड बाप्तिस्मा घेऊन लोक ज्यांना हलके समजतात अशा समाजात जावं, हे त्यांना पसंत पडलं नाही. त्यांनी मिशनऱ्याचं येणंही बंद केलं. रमाबाई थांबल्या. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. जिच्याशी लग्न करण्यासाठी ज्याने आपली जात-बिरादरी सोडली, त्यालाही बायकोचा विश्वास आपल्याहून वेगळा असावा हे सोसलं नाही.

हा पेच पुढे कसा सुटला असता ते सांगता येत नाही, कारण लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तोच १८८२ च्या सुरुवातीला पटकीने बिपिनबाबू गेले. मुलगी मनोरमा दहा महिन्यांची. रमाबाई पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाच्या हंटर आयोगापुढे बोलल्या, इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथेही त्या कोणाच्या हातातलं बाहुलं झाल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे, तो म्हणजे नुसता वाद आहे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपल्या संस्कृताने काय घोडं मारलंय, इथपर्यंत. मांस त्यांनी तेव्हाही खाल्लं नाही आणि नंतरही नाही.

शारदा सदन: भीती कशाची होती

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत रमाबाईंनी शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्याला आणली. पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई जोशी. पुण्यात कुजबुज सुरू झाली की ही बाई मुलींना बाटवणार. 'केसरी'ने आघाडी उघडली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातले रानडे, भांडारकर यांच्यासारखे लोक बाहेर पडले आणि पालकांनी धडाधड मुली काढून नेल्या. भीती अगदीच पोकळ होती असं नाही. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसत आणि त्यातल्या काही पुढे ख्रिस्ती झाल्या. रमाबाई कोणाला बोलावत नव्हत्या आणि कोणाला हाकलतही नव्हत्या.

पण त्याच १८९३ च्या ११ मार्चला गोदूबाईचं लग्न झालं. वर धोंडो केशव कर्वे, तिच्या भावाचे मित्र. ख्रिस्ती बाईच्या शाळेतली पहिली विद्यार्थिनी हिंदूच राहिली, तिचा पुनर्विवाह हिंदू माणसाशी झाला, आणि मुरुडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलं ते कर्व्यांना! 'धर्म कोणाचा' या प्रश्नापलीकडेही समाजाकडे प्रेमावर बंदी घालायची कारणं भरपूर असतात, ती ही अशी.

पुढे दुष्काळ आणि प्लेग आला. मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या गेल्या, पुण्यात त्यांना ठेवणं अवघड झालं, आणि केडगावला घेतलेल्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. विहिरी, शेती, हातमाग, घाणा, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेलची शाळा, ती मनोरमाबाईंनी चालवली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल बाईमाणसाला कळेल अशा मराठीत उतरवलं. टाइप जुळवणाऱ्या आणि छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मुलगी त्यांच्या आधी, जुलै १९२१ मध्ये गेली होती. बायबल पुस्तकरूपाने आलं ते १९२४ मध्ये. बिपिनबाबूंच्या मागे चाळीस वर्षं त्या एकट्या राहिल्या.

टिळकांचं चार-पाच वर्षांचं अंतर

दौंडहून मनमाडकडे निघालं की नगर, मग राहुरी. पुण्याहून या बाजूला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडला काढून मागच्या टोकाला जोडावं लागायचं. जंक्शन टाळणारी कॉर्ड लाइन झाल्यावर ते पुष्कळ कमी झालं. या मार्गावरची दुसरी गोष्टही अशीच मध्येच दिशा बदलणारी.

कवी नारायण वामन टिळक आणि त्यांची बायको लक्ष्मीबाई. लग्न झालं तेव्हा ती अकराच्या आसपास. तिचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं, आणि वडील सोवळ्याने इतके पछाडलेले की बाजारातून आलेला जिन्नस धुतल्याशिवाय घरात घ्यायचा नाही. नवऱ्याचा पाय घरात ठरत नसे. रेल्वेच्या प्रवासात एका गोऱ्या माणसाने टिळकांना नवा करार दिला, त्यांनी तो वाचला, पत्रव्यवहार केला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला आधी नीट सांगितलंही नव्हतं.

इथे कायदा काय म्हणत होता ते पाहण्यासारखं आहे. १८६६ चा एक कायदा होता, खास नेटिव्ह ख्रिस्त्यांच्या लग्नांसाठी. नवरा ख्रिस्ती झाला आणि त्या कारणाने बायको सहा महिने त्याच्याकडे आली नाही, तर त्याने कोर्टात जायचं. न्यायाधीश बायकोला विचारणार, एक वर्षाची मुदत देणार, पुन्हा विचारणार, आणि तरीही ती नाही म्हणाली तर लग्न मोडून दोघांना दुसऱ्या लग्नाची मोकळीक. टिळकांना हा दरवाजा उघडा होता. ते त्यातून गेले नाहीत. लक्ष्मीबाई माहेरी, मग पंढरपूरला. मुलगा दत्तू तिच्याजवळ. तिकडून पत्रं यायची, कविता यायच्या, कधी स्वतः टिळक यायचे. चार-पाच वर्षं असं चाललं.

मग ती नवऱ्याकडे नगरला गेली. गेली ती ब्राह्मण बाई म्हणूनच. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं जिथल्या तिथे. एका छपराखाली दोन स्वयंपाक. टिळकांनी ते चालू दिलं, आणि माझ्या मते या सगळ्या गोष्टीत सर्वांत कठीण काम हेच होतं. बायको घरी परत आली, आता दोन महिन्यांत चर्चला घेऊन जाऊ, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनात घोळवला, माणसाने केली असं त्यांचं ठरलं, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायला त्यांनी सुरुवात केली. बाप्तिस्मा १९०० साली, त्यानंतर. नवऱ्याचा हट्ट चालला असता तर तो आधी झाला असता, आणि मग 'स्मृतिचित्रे' हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र असं झालं असतं का, मला शंका आहे. टिळक १९१९ मध्ये वारले. त्यांनी सुरू केलेलं 'ख्रिस्तायन' हे ख्रिस्तचरित्राचं काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं आणि त्याचे बहुतेक अध्याय त्यांच्या हातचे आहेत. प्रेमाचा हा शेवटचा हप्ता म्हणायचा तर म्हणा.

पौलाचं जू

ख्रिस्ती घरात वेगळ्या धर्माच्या जोडीदाराचं नाव निघालं की एक वचन हमखास बाहेर येतं. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात पौल विश्वास न ठेवणाऱ्यांबरोबर जोडी जमवू नका असं सांगतो, आणि त्यासाठी दाखला देतो तो जुवाचा. शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. एक बैल खिलार आणि दुसरा गावठी ठेंगणा, तर जू तिरकं होणार आणि दोघांचीही मान सोलणार.

पण त्याच पौलाने त्याच लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय फारसा कोणी काढत नाही. तिथे आधीच लग्न झालेल्यांचा प्रश्न आहे: एकाने विश्वास धरला, दुसऱ्याने नाही, तर काय? पौलाचा सल्ला स्पष्ट आहे. विश्वास नसलेला जोडीदार नांदायला राजी असेल तर त्याला टाकू नका. तो निघून जायचंच म्हणत असेल तर जाऊ द्या. टिळकांनी केलं ते नेमकं सातव्या अध्यायाबरहुकूम. चर्चमध्ये लग्नात वाचला जातो तो मात्र तेरावा, प्रेमावरचा. मधले पाच अध्याय कोणी उलटत नाही.

आज लग्न कोणत्या कायद्याने लागतं

आता आमच्या जोडप्याकडे वळू. एक ख्रिस्ती, एक हिंदू. कायदेशीर वाटा दोन, आणि एक वाट बंद.

पहिली वाट भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा, १८७२. (त्याच वर्षीचा, पण वरचा तो तिसरा कायदा निराळा.) याच्या चौथ्या कलमात 'दोघांपैकी एक किंवा दोन्ही ख्रिस्ती' असे शब्द आहेत. म्हणजे एकच जण ख्रिस्ती असला तरी या कायद्याने लग्न लागू शकतं, दुसऱ्याने बाप्तिस्मा घ्यावा असं त्यात नाही. परवाना असलेल्या पाळकाने किंवा धर्मगुरूने लावायचं, निदान दोन साक्षीदार, आणि सर्वसाधारणपणे सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात. गोरज मुहूर्त शोधणाऱ्यांना ही वेळेची अट मजेशीर वाटेल, पण ती आहे.

दुसरी वाट विशेष विवाह कायदा, १९५४. इथे धर्माचा संबंधच नाही. मुलगा २१ चा, मुलगी १८ ची, दोघं अविवाहित किंवा आधीचं लग्न कायद्याने संपलेलं, नात्याच्या निषिद्ध पायरीत नसलेले. दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात निदान तीस दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती लागते, तीस दिवस थांबायचं, आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. या तीस दिवसांतच खरी धावपळ होते. हरकत घ्यायची तर कायद्याच्या अटी मोडल्या या कारणावरच घेता येते; 'आमच्या घराण्याला मान्य नाही' हे कारण त्यात बसत नाही. पण नोटीस लागली ही बातमी गावात पोचायला हरकतीची गरज लागत नाही. ही तीस दिवसांची मुदत फसवणूक टाळायला ठेवलेली आहे असं सांगतात. व्यवहारात ती घरच्यांना मुलीला गाठायला दिलेली सवड ठरते, हे कितीतरी जोडप्यांनी भोगलं आहे.

बंद वाट आहे ती हिंदू विवाह कायद्याची. देवळात जाऊन हार घातले, फोटो काढले आणि हिंदू विवाह म्हणून नोंदणी केली, असं बरीच मिश्र जोडपी करतात. स्वस्त आणि झटपट. आंध्र प्रदेशातल्या अशाच एका लग्नाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं: नवरा रोमन कॅथलिक, बायको हिंदू, १९९६ मध्ये देवळात लग्न आणि नंतर नोंदणीही. डिसेंबर २००८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की या कायद्याने लग्न लागायला दोघंही हिंदू हवेत. हे लग्न मुळातच अवैध. नोंदणीचा कागद असूनही. बारा वर्षांनंतर कळणं म्हणजे काय, याचा विचार देवळाकडे निघण्याआधी करावा.

आणखी एक गोष्ट लग्नाच्या गडबडीत कोणी सांगत नाही. ज्या कायद्याने लग्न लागलं, त्याच्याशी जोडलेल्या कायद्यानेच ते मोडतं. चर्चमधल्या लग्नाला १८६९ चा घटस्फोट कायदा, नोंदणी लग्नाला १९५४ चाच कायदा. आणि महाराष्ट्रात लग्न कुठल्याही विधीने लागलं तरी १९९८ च्या कायद्याखाली त्याची स्थानिक नोंदणी करायचीच असते.

चर्च काय म्हणतं

कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला बिशपांची सूट लागते. ती मिळते. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी मिश्र विवाहांचे नियम सैल केले, ते पुढे १९८३ च्या धर्मसंहितेत आले. आता वचन द्यावं लागतं ते फक्त कॅथलिक जोडीदाराला: आपला विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवायचा होईल तितका प्रयत्न करीन. दुसऱ्याला या वचनाची कल्पना दिली जाते, त्याच्याकडून काही लिहून घेतलं जात नाही. आमच्या दौंडच्या मुलीने फादरांना गाठलं तर मुलाला पाण्याखाली डोकं धरावं लागणार नाही.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकागणिक फरक पडतो. काही पाळक दोघांचाही बाप्तिस्मा झालेला नसेल तर लग्न लावायला तयार नसतात. 'प्रेमासाठी धर्म बदलला' अशा बऱ्याच गोष्टींचं मूळ इथे असतं: कायदा मागत नाही, पाळक मागतो. अनुभवी पाळकांनाच लग्नाच्या तोंडावर घाईघाईने मागितलेल्या बाप्तिस्म्याचा संशय येतो, आणि तो यावाही. हिंदू बाजूलाही हेच घडतं, फक्त तिथे 'शुद्धी' म्हणतात आणि ती अर्ध्या तासात उरकते.

बाकी लग्न म्हणून पाहिलं तर दोन्ही बाजूंचं अंतर वाटतं तेवढं नाही. मराठी ख्रिस्ती घरात आदल्या दिवशी हळद लागते. पांढऱ्या साडीवर काळ्या मण्यांचं मंगळसूत्र असतं, वाट्यांच्या मध्ये बारीकसा क्रूस. ते पाळकासमोर नवरा घालतो. गाणी 'उपासना संगीता'तली, त्यातली कितीतरी टिळकांची, अस्सल मराठी चालींवर. नवऱ्यामुलाकडचे वऱ्हाडी पहिल्यांदा चर्चमध्ये बसतात तेव्हा त्यांना चपला काढायच्या की नाही हा प्रश्न पडतो, अक्षता कुठे गेल्या म्हणून हात रिकामे वाटतात, आणि गाणं सुरू झालं की अरे, हे तर भजन आहे, असं होतं.

सातबारा आणि जातीचा दाखला

धर्म बदलला तर काय बदलतं, याची यादी भावनेपेक्षा कागदात जास्त भरते.

घोड आणि भीमेच्या पाण्यावर ऊस-कांदा होतो, तिथे जमीन हा लग्नातला न बोललेला तिसरा पक्ष असतो. धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसाहक्क जात नाही. १८५० पासून तसा कायदा आहे. पण हिंदू वारसा कायद्याच्या २६ व्या कलमाने, धर्मांतरानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाईकांकडून वारसा मिळत नाही, वारसा उघडण्याच्या वेळी ती हिंदू नसतील तर. म्हणजे सातबाऱ्यावर बापाचं नाव लागेल, पण आजोबा-चुलत्यांच्या वाट्याचा प्रश्न आला की नातवंडं अडतील. धर्म न बदलता १९५४ च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीशी लग्न केलं तरी एक गोष्ट होते: एकत्र हिंदू कुटुंबातला मुलगा त्या कुटुंबापासून विभक्त झाला असं कायदा मानतो, आणि दोघांच्या मालमत्तेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. भावकीला हे कलम बरोबर पाठ असतं.

अनुसूचित जातीच्या माणसाचा तोटा याहून मोठा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख (१९५६ पासून) आणि बौद्ध (१९९० पासून) यांनाच आहे. ख्रिस्ती झालं की दाखला गेला, आणि त्याबरोबर शिक्षण-नोकरीतलं आरक्षणही. मिशनमधून ख्रिस्ती झालेल्या शिरूर भागातल्या जुन्या घरांना ही सल पिढ्यान्‌पिढ्या आहे: गावाने जात विसरली नाही, फक्त कागदाने विसरली. नुसत्या लग्नाने मात्र दाखला जात नाही. ख्रिस्ती मुलीशी लग्न केलेला बौद्ध किंवा हिंदू मुलगा धर्म न बदलता राहिला, तर त्याचं जे होतं ते राहतं.

१८७२ चा कागद आणि १९५४ चा कागद

बिपिनबाबू आणि रमाबाईंना लग्नासाठी आठ धर्मांची नावं घेऊन यातला एकही आमचा नाही असं लिहून द्यावं लागलं. १९२३ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख, जैन यांना आपापसात लग्न करताना नाकारण्याची गरज उरली नाही. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी, ज्यू मात्र बाहेरच राहिले. दौंडच्या मुलीला आणि शिरूरच्या मुलाला १९५३ साली त्या तिसऱ्या कायद्याने लग्न करायचं असतं, तर दोघांना तोच नकार लिहून द्यावा लागला असता.

१९५४ च्या कायद्याला नोटिशीचा नमुना जोडलेला आहे. त्यात रकाने आहेत ते असे: नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण, ते कायमचं नसेल तर कायमचा पत्ता, आणि किती दिवसांपासून राहता. धर्माचा रकाना त्यात नाही.